बेताच्या पैशात टीव्ही घेताना : काउंटरवर रोज विचारले जाणारे प्रश्न

चिपळुणात माझं टीव्ही दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. टीव्ही मी विकत नाही, त्यामुळे कुठल्या कंपनीची बाजू घेण्याचं कारण नाही. काही जण टीव्ही घेण्याआधी विचारायला येतात. जे येत नाहीत ते बहुधा घेतल्यानंतर येतात. दोघांच्याही प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

दादा, पंधरा हजारांत चांगला टीव्ही येतो का?

येतो, पण ३२ इंची. हे लिहितोय तेव्हा ३२ इंची एचडी रेडी साधारण आठ ते चौदा हजारांत मिळतो, ४३ इंची फोर-के अठरा ते अठ्ठावीस हजारांत, आणि ५५ इंची तीस हजारांच्या पुढे. पंधरा हजारांत ४३ इंची देणारेही सापडतील. मात्र त्या किमतीत कंपनी कुठेतरी हात आखडता घेतेच. आतल्या एलईडीच्या पट्ट्या कमी लावते, रॅम (चालू ॲपसाठीची मेमरी) कमी देते, नाहीतर सर्व्हिसला माणूसच ठेवत नाही.

माझं गणित सोपं आहे. जे नंतर बदलता येत नाही त्यावर आधी पैसे घाला. फुटलेलं पॅनल, म्हणजे पडदाच, बदलायला टीव्हीच्या निम्म्याहून जास्त किंमत जाते, म्हणजे ते बदलता येत नाही असंच धरा. सर्व्हिस सेंटरही आपल्या तालुक्यात ओढून आणता येत नाही. आवाज आणि स्मार्टपणा मात्र पुढेमागे दोन-चार हजारांत जोडता येतो.

किती इंची घेऊ?

आधी मोजपट्टी घ्या आणि रोज बसता त्या जागेपासून टीव्हीच्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. टीव्हीचे इंच हे पडद्याच्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप असतं. त्याला १.६ ने गुणलं की आरामात बघण्याचं अंतर इंचांत मिळतं. ३२ इंचीला ते सव्वाचार फूट येतं, ४३ ला पावणेसहा आणि ५५ ला सव्वासात. आपल्याकडे बहुतेक घरांत कोच ते भिंत आठ-नऊ फूट असतं, म्हणजे हिशोबाने ५५ इंचीसुद्धा मोठा नाही. "एवढा मोठा टीव्ही, डोळे जातील" ही जुन्या डबा टीव्हीच्या काळातली भीती आहे. उलट लांबून छोट्या टीव्हीवरची अक्षरं वाचायलाच डोळे ताणावे लागतात.

पण अंतर मोजून भागत नाही. ४३ इंची टीव्ही आडवा साडेसदतीस इंच भरतो, ३२ इंची २८ आणि ५५ इंची ४८. गेल्या दिवाळीत एका गिऱ्हाइकाच्या शोकेसचा खण होता छत्तीस इंचांचा. टीव्ही आला, खणात जाईना, मग सुतार बोलावला. सुताराने खणाची एक बाजू कापली आणि वरचं लाकडी देवघर खाली आलं. टीव्हीवर मिळालेली सूट त्यात गेली.

आणखी एक गोष्ट. स्वस्त टीव्हीचे पाय अगदी दोन टोकांना असतात. टीव्ही टेबलावर ठेवणार असाल तर टेबलाची लांबी पायांच्या हिशोबाने बघा.

एचडी रेडी, फुल एचडी, फोर-के यांत फरक दिसतो का?

एचडी रेडी म्हणजे १३६६ बाय ७६८ ठिपके, फुल एचडी १९२० बाय १०८० आणि फोर-के ३८४० बाय २१६०. कागदावर फरक प्रचंड. डोळ्याला तो दिसणं मात्र अंतरावर ठरतं. ३२ इंची एचडी रेडी सहा फुटांपलीकडून बघत असाल तर ठिपके वेगळे कळत नाहीत, तेव्हा स्वयंपाकघरातल्या किंवा आजींच्या खोलीतल्या टीव्हीला तो पुष्कळ झाला. ४३ इंचीवर फुल एचडी आणि फोर-के यांतला फरक साधारण साडेपाच फुटांच्या आत बसलात तरच जाणवतो. तरीही ४३ पासून पुढे फोर-केच घ्या, असं मी सांगतो. त्याचं कारण वेगळं आहे : कंपन्या बरी पॅनल आणि बरा प्रोसेसर आता त्यातच घालतात.

खरी मेख सेट-टॉप बॉक्समध्ये आहे. "नवीन फोर-के टीव्ही आणला आणि चित्र जुन्यापेक्षा वाईट दिसतंय" ही तक्रार महिन्यातून दोन-तीनदा येते. घरी जाऊन बघतो तर बॉक्स जुना एसडी, म्हणजे साध्या दर्जाच्या चित्राचा, आणि तो तीन रंगांच्या पिनांच्या वायरीने जोडलेला. एसडी चित्रात वरपासून खालपर्यंत फक्त ५७६ ओळी असतात. त्या २१६० ओळींवर ताणल्या की सीरियलमधल्या सासूबाईंचा चेहरा मेणाचा होतो. बॉक्स एचडी करून घ्या, एचडीएमआय वायर (चित्र आणि आवाज एकत्र नेणारी) लावा आणि मग टीव्हीला नावं ठेवा. दूरदर्शनच्या फुकट 'फ्री डिश'वर बघणाऱ्यांनी तर फोर-केवर जास्त पैसे घालूच नयेत, कारण तिथले बहुतेक चॅनल एसडीच आहेत.

एलईडी, क्यूएलईडी, ओएलईडी... नेमकं काय घेऊ?

एलईडी टीव्ही म्हणजे एलसीडी पॅनल आणि त्याच्या मागे एलईडी दिवे. क्यूएलईडी म्हणजे तेच, फक्त मध्ये क्वांटम डॉटचा एक थर, त्याने रंग गडद येतात. शेवटची तीन अक्षरं सारखी असली तरी ओएलईडीशी त्याचा संबंध नाही. ओएलईडीमध्ये प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसतो. पण तो आपल्या बजेटच्या बाहेर आहे, सोडून द्या.

दुकानदाराला एक प्रश्न मात्र जरूर विचारा : पॅनल आयपीएस आहे की व्हीए? व्हीएमध्ये काळा रंग गडद येतो, रात्री दिवा मालवून सिनेमा बघणाऱ्याला ते बरं. आयपीएस बाजूने बघितलं तरी रंग उडत नाहीत. ज्या घरात कोणी कोचावर, कोणी खाली चटईवर आणि कोणी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बघतं, तिथे आयपीएस. दुकानदाराला सांगता आलं नाही तर टीव्हीच्या बाजूला जाऊन तिरकं बघा. चित्र पांढुरकं पडलं तर बहुधा व्हीए.

दुकानात चित्र झकास होतं, घरी फिकं कसं?

दुकानात सगळे टीव्ही 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' मोडवर ठेवलेले असतात आणि त्यांवर मोर, फुलं, समुद्रातले मासे असली खास बनवलेली क्लिप चालते. घेण्याआधी रिमोट मागा, मोड 'स्टँडर्ड' करा, मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा आणि यूट्यूबवर मराठी बातम्या लावा. निवेदकाच्या चेहऱ्याचा रंग बघा. खाली सरकणारी बातम्यांची पट्टी फाटल्यासारखी दिसते का तेही बघा. दहा मिनिटांचं काम आहे, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या.

खोक्यावर 'एचडीआर' (उजळ-गडद छटा जास्त दाखवणारं चित्र) लिहिलंय म्हणून जास्त पैसे देऊ नका. एचडीआरची मजा यायला पडदा चांगलाच उजळ लागतो. स्वस्त टीव्हीची उजळता अडीचशे-तीनशे निट्सच्या (निट्स हे उजळतेचं माप) आसपास असते, त्यामुळे तो एचडीआर सिग्नल घेतो खरा, पण दाखवायला त्याच्याकडे उजेडच नसतो. समोर मोठी खिडकी किंवा पडवीचं दार असेल तर मात्र निट्सचा आकडा मुद्दाम बघा. '१२० हर्ट्झ मोशन' असल्या शब्दांना भुलू नका. या किमतीतली पॅनल ६० हर्ट्झचीच असते, म्हणजे सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलते.

स्मार्ट घेऊ की साधा?

आता साधा शोधावाच लागतो. प्रश्न खरा आहे तो कुठला स्मार्ट, हा. गुगल टीव्ही, फायर टीव्ही, वेबओएस, टायझन यांपैकी कुठलीही सिस्टीम असेल तर ॲप रीतसर चालतात. काही अगदी स्वस्त टीव्हींत मोबाइलचं उघडं अँड्रॉइड घातलेलं असतं. त्यात नेटफ्लिक्स किंवा प्राइम एक तर उघडत नाही, नाहीतर मोबाइलचं ॲप ठोकून बसवलेलं असतं आणि रिमोटने माउसचा बाण हलवावा लागतो. परवाना नसेल तर ओटीटीवाले चित्रही कमी दर्जाचं पाठवतात. म्हणून दुकानातच हॉटस्पॉटवर तुमच्या घरी चालतं ते ॲप उघडून बघा.

रॅम दोन जीबीच्या खाली नको. एक जीबीवाला पहिलं वर्ष चालतो, मग अपडेट येत राहतात आणि आवाज वाढवायला बटण दाबलं की पट्टी चार सेकंदांनी येते. तसा टीव्ही आधीच घेऊन बसला असाल तर फेकू नका, एक स्ट्रीमिंग स्टिक लावा. पडदा तोच राहतो, डोकं नवीन मिळतं.

ऑनलाइन स्वस्त पडतो. मागवू का?

गुहागर तालुक्यातल्या एका वाडीतली गोष्ट सांगतो. मुंबईतल्या मुलाने गणपतीत आईला ४३ इंची टीव्ही ऑनलाइन मागवून दिला. दुकानापेक्षा तीन हजारांनी स्वस्त. सात महिन्यांनी चित्र गेलं, आवाज सुरू. वॉरंटीत होता, म्हणून मुलाने मुंबईहून तक्रार नोंदवली. कंपनीचा माणूस रत्नागिरीहून यायचा, तो आठवडाभर आलाच नाही. मग 'ग्राहक घरी नव्हता' असं लिहून तक्रार बंद झाली. पुन्हा नोंदवली. दोन महिने आई मोबाइलवर सीरियल बघत होती. शेवटी टीव्ही माझ्याकडे आला.

माझं मत ऑनलाइनच्या विरोधात नाही. पुणे, ठाणे, नाशिकला राहत असाल तर खुशाल मागवा. गावात राहत असाल तर मागवण्याआधी कंपनीच्या वेबसाइटवर आपला पिनकोड टाका, सर्व्हिस मिळते का बघा आणि कस्टमर केअरला फोन करून "आमच्या गावात माणूस घरी येतो का?" हे विचारा. टीव्ही पुण्यात घेऊन गावी न्यायचा असेल तर पिनकोड गावाचा टाका.

आवाज चालू आहे, चित्र नाही. टीव्ही गेला का?

बहुधा नाही. खोलीत अंधार करा, टीव्ही चालू ठेवा आणि पडद्याजवळ टॉर्च तिरका धरा. पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनल जिवंत आहे, मागचे दिवे गेलेत. त्या पट्ट्यांवरचे एलईडी एकामागे एक जोडलेले असतात, जुन्या दिवाळीच्या माळेसारखे. एक गेला की सगळे विझतात. पट्ट्या बदलून टीव्ही पुन्हा चालतो. पडद्यावर पांढरे गोल ठिपके दिसत असतील तर एलईडीवरची छोटी भिंगं सुटून पडलेली असतात. तेही दुरुस्त होतं.

हे टाळण्याचा उपाय फुकट आहे. नवीन टीव्ही लावल्या दिवशीच सेटिंगमध्ये जाऊन 'बॅकलाइट' शंभरवरून साठ-सत्तरवर आणा. दिवे कमी तापतात आणि जास्त वर्षं जातात. गुहागरच्या त्या टीव्हीवर तो शंभरावरच होता.

जुन्या परदेशी नावाचे टीव्ही इतके स्वस्त कसे?

नाव भाड्याने घेता येतं म्हणून. कोडॅक, थॉमसन, ब्लाउपुंक्ट ही नावं भारतात सुपर प्लास्ट्रॉनिक्स ही आपल्याकडचीच कंपनी परवान्यावर वापरत आली आहे. तोशिबाचा टीव्हीचा धंदा २०१८ मध्ये चीनच्या हायसेन्सने घेतला. यात फसवणूक काही नाही, फक्त "आमच्या वडिलांचा कॅमेरा कोडॅकचा होता" या आठवणीवर टीव्ही निवडू नका. मागच्या लेबलावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना, ते बघा. बीआयएस केअर या ॲपवर तो तपासता येतो. लेबलच नसलेले, मोठ्या कंपनीच्या नावाशी मिळतंजुळतं नाव लावलेले टीव्हीही बाजारात फिरतात. त्यांच्यापासून लांब राहा.

जादा वॉरंटी घ्यावी का?

कंपनीचीच असेल, पॅनल त्यात धरलेलं असेल आणि किंमत टीव्हीच्या पाच-सहा टक्क्यांत बसत असेल, तर घ्या. तिसऱ्याच कुणाचा 'प्लॅन' असेल तर आधी तो वाचा. पडदा फुटणं, वीज पडणं, पाणी शिरणं हे साध्या वॉरंटीत कधीच नसतं. बिल मात्र जीएसटीचं, टीव्हीच्या सिरियल नंबरसह घ्या. कंपनी दाद देईना तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात गेलात तर पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही.

सणाची सूट आणि 'नो-कॉस्ट ईएमआय' खरी असते का?

सूट खरी असते, पण एमआरपीवरून मोजू नका, एमआरपीला टीव्ही कोणीच विकत नाही. महिनाभर आधीचा भाव लिहून ठेवा आणि त्याच्याशी तुलना करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. म्हणजे २५,६०० चा टीव्ही २३,६०० ला यायला हवा. ३२ इंची आणि त्याहून लहान टीव्ही १ जानेवारी २०१९ पासून १८ टक्क्यांतच आहेत. "जीएसटी कमी झाला म्हणून ३२ इंची स्वस्त केला" असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

'नो-कॉस्ट ईएमआय' म्हणजे बिनव्याजी हप्ते, पण फुकट कर्ज कोणी देत नाही. रिझर्व्ह बँकेनेच सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना शून्य टक्के व्याजाच्या योजनांवरून खडसावलं होतं. आता व्याजाइतकी रक्कम किमतीत सूट म्हणून दाखवतात. त्यावर प्रोसेसिंग फी लागते, आणि कार्डवर घेतलात तर व्याजावर १८ टक्के जीएसटी. रोख घेतला तर किती कमी कराल, हे विचारा. तो फरक म्हणजेच व्याज.

भाऊ दुबईहून येतोय, त्याला आणायला सांगू?

नको. फ्लॅट टीव्हीवरची बॅगेजमधली ड्युटी-फ्री सवलत २६ ऑगस्ट २०१३ लाच गेली. विमानतळावर ड्युटी भरा, इथे वॉरंटी नाही, आणि वाटेत पडदा फुटला तर फुटला. त्याला खजूर आणायला सांगा.

स्टॅबिलायझर लागतो का?

टीव्हीच्या मागे '१००–२४० व्होल्ट' लिहिलेलं असेल तर व्होल्टेज कमी-जास्त होणं तो स्वतः सांभाळतो. आपल्याकडे टीव्ही मरतात ते आकाशातल्या विजेने, मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात. वीज फक्त प्लगमधून येत नाही. छपरावरच्या डिशच्या वायरीतून बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआयमधून टीव्हीत शिरते. मग बाकी सगळं चालतं, एचडीएमआय पोर्ट तेवढे मेलेले. म्हणून आकाश गडगडायला लागलं की प्लग काढाच, डिशची वायरही काढा. घराचं अर्थिंग तपासून घ्या. स्पाइक गार्ड चांगला घ्या, पण त्याच्या भरवशावर प्लग ठेवून देऊ नका.

वीजबिलाची काळजी फार नको. ४३ इंचीला साधारण ८० वॉट धरले आणि रोज पाच तास लावला तर महिन्याला १२ युनिट होतात.

भिंतीवर लावू की टेबलावर?

भिंत जांभ्याच्या चिऱ्याची असेल तर साधे प्लास्टिकचे गट्टू धरत नाहीत, चिरा भुगा होऊन सुटतो. लांब अँकर किंवा सिमेंटमध्ये लाकडी गुटका बसवून घ्या. पावसाळ्यात ओल येणारी भिंत टाळा. उंची बसल्यावर डोळ्यांसमोर पडद्याचा मध्य येईल एवढीच. देवाच्या तसबिरीइतका वर लावाल तर मान धरेल.

२२ जुलै २०२१ च्या पुरानंतर माझ्या दुकानासमोर टीव्हींची रांग लागली होती. छातीइतक्या उंचीवर लावलेलेही बुडाले होते. चिखल धुऊन काही बोर्ड वाचले, पण पॅनलच्या थरांत पाणी शिरलं होतं ती एकही वाचली नाही. ज्यांनी वीज आल्या आल्या 'चालू होतो का बघू' म्हणून प्लग लावला त्यांचे बोर्डही गेले. टीव्ही भिजला तर प्लग लावू नका, एवढं लक्षात ठेवा. पूररेषेत घर असेल तर घराच्या विम्यात सामानही धरून घ्या.

आवाज बारीक वाटतो?

वाटणारच, पातळ टीव्हीत स्पीकरला जागा कुठे आहे? वीस वॉट आरएमएस (सलग निघणारी ताकद) असेल तर मध्यम खोलीला चालतं. एक एचडीएमआय पोर्ट 'एआरसी' (टीव्हीचा आवाज बाहेर देणारा) लिहिलेला असू द्या, पुढे साउंडबार लावता येतो.

पडदा पुसायचा कशाने?

कोरड्या मायक्रोफायबर कापडाने, टीव्ही बंद करून. काच पुसायचा निळा स्प्रे थेट पडद्यावर मारू नका. थेंब ओघळून खालच्या कडेत जातो, तिथे पॅनलच्या अगदी बारीक पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्या सुटल्या की उभ्या रेघा येतात आणि मी काही करू शकत नाही. दर दिवाळीच्या साफसफाईत असे दोन-तीन टीव्ही येतात.

गावचं घर गणपती आणि शिमगा सोडून बंदच असतं. तिथे कसला टीव्ही ठेवू?

३२ इंची, एचडी रेडी, सोबत फ्री डिश. जाताना प्लग आणि डिशची वायर काढा, रिमोटचे सेल काढा, टीव्हीवर सुती चादर टाका. प्लास्टिक गुंडाळू नका, आत घाम धरतो. गणपतीला आल्या आल्या लावायची घाई करू नका. दारं-खिडक्या उघडा, एक दिवस पंख्याचा वारा लागू द्या आणि मागच्या जाळीतून टॉर्च मारून बघा. पालीची अंडी दिसली तर आधी मला फोन करा.